मोटारीचा पिवळा दिवा

हल्लीं मध्यम स्थितीच्या पुष्कळ घरांपुढें मोटार उभी असते. ती कोणा एकट्याची नसते. वडील मंडळींस दवाखान्यांत नेणें, लेकींना माहेरीं आणणें, सणावारास गांवीं जाणें, अशीं सगळ्या घराचीं कामें ती करते. अशा गाडींत चालकासमोरच्या फळीवर एके दिवशीं इंजिनाच्या आकृतीचा लहानसा पिवळा दिवा लागतो. गाडी तर नेहमींसारखीच चालत असते. आवाज नाहीं, धक्का नाहीं. ती गॅरेजमध्यें नेली म्हणजे तेथील मेकॅनिक एक यंत्र जोडून पाहतो आणि सांगतो, "पी०४२० आहे. कन्व्हर्टर गेला, नवा घालावा लागेल." मग खर्चाचा जो आंकडा कानीं पडतो तो ऐकून घरांतील कर्ता पुरुष कांहीं वेळ बोलतच नाहीं.

या संकेतांकाचा खरा अर्थ काय, त्यावरून काय सिद्ध होतें व काय होत नाहीं, आणि खिशांत हात घालण्यापूर्वीं कोणत्या परीक्षा कोणत्या क्रमानें कराव्या, हें आमच्या वाचकांस समजावून द्यावें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. हें सर्व विवेचन पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्यांस अनुलक्षून आहे.

कन्व्हर्टर म्हणजे काय?

पेट्रोल पूर्णपणें जळलें तर त्यापासून पाण्याची वाफ व कार्बन डायॉक्साइड हे दोनच पदार्थ व्हावयाचे. परंतु इंजिनाच्या सिलिंडरमध्यें ज्वलनास मिळणारा वेळ सेकंदाच्या लहानशा अंशाइतका असतो. तेवढ्यांत सर्व पेट्रोल जळत नाहीं. कांहीं अर्धवट जळून त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. कांहीं न जळतांच बाहेर पडतें. आणि उष्णता अतिशय वाढल्यामुळें हवेंतील नायट्रोजनचा ऑक्सिजनशीं संयोग होऊन नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. हे तिन्ही पदार्थ अपायकारक आहेत. त्यांतील पहिला तर रंग नाहीं, वास नाहीं असा असून रक्ताची प्राणवायु वाहून नेण्याची शक्तीच हिरावून घेतो.

या तिहींचा बंदोबस्त करण्यासाठीं इंजिन व सायलेन्सर यांच्या मध्यें एक पोलादी पेटी बसविलेली असते; तीच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. तिच्या आंत मधाच्या पोळ्यासारखी सच्छिद्र अशी भाजलेल्या मातीची वीट असते. एका चौरस सेंटिमीटरांत साठाच्या आसपास बारीक भोंकें असतात व धूर त्यांतून आरपार जातो. भोंकांच्या भिंतींवर अॅल्युमिनाचा खरबरीत लेप असून त्यांत प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचे अतिसूक्ष्म कण पसरलेले असतात. सगळ्या पेटींत मिळून हे धातु बहुधा कांहीं ग्रॅमच भरतात. पण पेटीच्या भारी किंमतीचें रहस्य त्यांतच आहे.

या धातूंचें काम उत्प्रेरकाचें. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यानें १८३५ सालीं या क्रियेस 'कॅटॅलिसिस' हें नांव दिलें. उत्प्रेरक हा लग्न जमविणाऱ्या मध्यस्थासारखा आहे. तो दोन्ही पक्षांस एकत्र आणतो, पण स्वतः बोहल्यावर चढत नाहीं. एक कार्य उरकलें कीं दुसऱ्या घरीं जावयास मोकळा. म्हणून कन्व्हर्टर हा ब्रेकच्या पट्ट्यांप्रमाणें किंवा टायरप्रमाणें झिजून संपावयाचा भाग नव्हे. नीट राखला तर पुष्कळदां तो गाडीच्या बरोबरीनें टिकतो. तो अकालीं मेला तर त्यास बहुधा कोणीं तरी मारलेलें असतें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा फार उपयोग होणार आहे.

त्याचा पहिला मारेकरी शिसें हा होय. फ्रान्समधून अमेरिकेंत गेलेला यूजीन हूड्री हा अभियंता १९५० नंतरच्या दशकांत मोटारींसाठीं असें साधन करण्याच्या मागें लागला होता. पण त्या काळच्या पेट्रोलांत शिसें मिसळलेलें असे, आणि तें धातूंच्या कणांवर बसून त्यांस निकामी करी. पेट्रोलांतून शिसें जाऊं लागलें तेव्हांच ही कल्पना फळास आली. अमेरिकेंत १९७५ सालच्या गाड्यांपासून कन्व्हर्टर सर्रास आला. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांत नव्या पेट्रोल मोटारींस तो सक्तीचा झाला, आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेंविरहित पेट्रोल मिळूं लागलें. गंधक हा दुसरा शत्रु. भारत स्टेज चारच्या पेट्रोलांत दहा लाख भागांस पन्नास भागांपर्यंत गंधक चालत असे. एप्रिल २०२० पासून स्टेज सहाच्या नियमानें तें दहा भागांवर आलें.

दिवा कशावरून लागतो?

कन्व्हर्टरच्या अलीकडे एक व पलीकडे एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. धुरांत ऑक्सिजन किती उरला आहे हें ते विजेच्या सूक्ष्म दाबानें गाडींतील संगणकास कळवितात. पेट्रोलच्या एका भागास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा हें योग्य प्रमाण. संगणक त्याच्या भोंवतीं मिश्रण किंचित् दाट, किंचित् विरळ असें सारखें झुलवीत असतो. त्यामुळें पुढच्या सेन्सरचा दाब ०.१ ते ०.९ व्होल्ट यांच्या दरम्यान लाटेसारखा वरखालीं होतो. कित्येक नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर निराळ्या जातीचा असतो व त्याची रेघ अशी झुलत नाहीं. पण मागच्याचें काम तेंच.

कन्व्हर्टरच्या लेपांत सीरियमचा ऑक्साइड असतो. मिश्रण विरळ असतां तो जादा ऑक्सिजन सांठवून ठेवतो व दाट झालें कीं तो परत देतो. सुगीला भरून ठेवलेली कणगी चातुर्मासांत उपयोगी पडावी तसेंच हें आहे. म्हणून निरोगी कन्व्हर्टरच्या मागें लाटा उरत नाहींत. मागच्या सेन्सरची रेघ ०.६ किंवा ०.७ व्होल्टच्या आसपास जवळजवळ सरळ राहते. कणगी फुटली म्हणजे मागची रेघहि पुढच्यासारखी हेलकावूं लागते. संगणक हें ताडून पाहतो, आणि बहुधा लागोपाठच्या दोन फेऱ्यांत तेंच आढळलें म्हणजे पी०४२० हा संकेतांक नोंदवून दिवा लावतो.

येथें एक मर्माची गोष्ट आहे. विषारी वायु किती बाहेर पडतात हें संगणक मुळींच मोजीत नाहीं. तो केवळ अनुमान करतो. न्यायशास्त्राचा ज्यांस थोडाबहुत परिचय आहे त्यांस धूर व अग्नि यांचें उदाहरण आठवेल. धूर दिसला कीं तेथें अग्नि असलाच पाहिजे, हें अनुमान निर्दोष. परंतु अग्नि आहे म्हणून धूरहि असलाच पाहिजे, हें म्हणणें सदोष. कारण लोखंडाच्या तापलेल्या गोळ्यांत अग्नि असून धूर नसतो. इंधन ओलें असेल तरच धूर होतो. तसेंच येथें समजावें. कन्व्हर्टर निकामी झाला कीं मागची रेघ हलते, हें खरें. पण मागची रेघ हलली म्हणून कन्व्हर्टर निकामीच झाला, हें खरें नव्हे. ती इतर कारणांनींहि हलते. असल्या हेतूस नैयायिक सव्यभिचार म्हणतात. तेव्हां हा दिवा म्हणजे न्यायाधीशाचा निकाल नव्हे, एका साक्षीदाराची जबानी आहे, आणि साक्षीदाराची उलटतपासणी झालीच पाहिजे.

परीक्षेचा क्रम

पहिलें काम वाचनाचें. स्कॅनर लावला असतां सांपडलेले सर्व संकेतांक कागदावर उतरून घ्यावे. केवळ पी०४२० पाहून थांबूं नये. दोष नोंदला गेला त्या क्षणीं वेग काय होता, इंजिन किती तापलें होतें, ही माहितीहि संगणकानें जपून ठेवलेली असते, तीहि टिपावी. हें होण्यापूर्वीं बॅटरीची तार काढून दिवा घालविणें म्हणजे पंचनाम्यापूर्वींच घर झाडून काढण्यासारखें आहे. पी०३०० पासून पुढचे संकेतांक असतील तर एखाद्या सिलिंडरमध्यें ठिणगी चुकते आहे. पी०१७१ किंवा पी०१७२ असेल तर मिश्रण अनुक्रमें विरळ किंवा दाट झालें आहे. असा कोणताहि सोबती सांपडला तर आधीं त्याची दुरुस्ती करावी व मगच कन्व्हर्टरकडे वळावें.

दुसरें काम गळती शोधण्याचें. इंजिनापासून मागच्या सेन्सरपर्यंतच्या वाटेंत कोठें गॅस्केट जळालें, नळीस चीर पडली किंवा बोल्ट सैल झाला, तर धूर बाहेर येतो एवढेंच होत नाहीं. धूर धक्क्याधक्क्यांनीं वाहत असल्यामुळें दोन धक्क्यांच्या मध्यें तेथून बाहेरची हवा आंत ओढली जाते. मागच्या सेन्सरला ती हवा दिसते, आणि कन्व्हर्टर निर्दोष असतां त्याच्यावर आळ येतो. ही परीक्षा सकाळीं इंजिन थंड असतांना करावी. सुरू करतांच टिक्‌टिक् असा आवाज येतो काय, सांध्यांजवळ काजळीचे काळे ओघळ आहेत काय, हें पाहावें. इंजिन तापलें कीं धातु फुगून बारीक चीर मिटते व दोष दडून बसतो.

तिसरें काम साक्षीदाराचीच परीक्षा. उतारावर गाडी गिअरमध्यें ठेवून पाय उचलला म्हणजे पेट्रोल बंद होतें. त्या वेळीं मागच्या सेन्सरचा दाब ०.१ च्या जवळ उतरला पाहिजे. जोरानें वेग घेतला तर तो ०.८ च्या वर चढला पाहिजे. दोन्ही गोष्टी चटकन् होत असतील तर साक्षीदार प्रामाणिक आहे. पुष्कळ ठिकाणीं 'आधीं मागचा सेन्सर बदलून पाहूं' असें म्हणतात. हा बहुधा पैशाचा अपव्यय होय. सेन्सर म्हातारा झाला म्हणजे मंद होतो, आणि मंद सेन्सर लाटा कमी दाखवितो, जास्त नव्हे. म्हणजे तो कन्व्हर्टरचा दोष झांकण्याचाच संभव अधिक.

चौथें, कांहीं गाड्यांत संगणकाची कसोटीच अतिकडक ठेवली गेली व मागाहून कंपनीनें सुधारलेली प्रणाली दिली, असेंहि घडलें आहे. आपल्या गाडीसाठीं तसें कांहीं निघालें आहे काय, हें अधिकृत कार्यशाळेंत विचारण्यास पैसे पडत नाहींत.

हें सर्व निर्दोष ठरलें तरच मुख्य परीक्षा करावी. गाडी वीस मिनिटें चालवून कन्व्हर्टर पुरता तापूं द्यावा. कारण सुमारें अडीचशें ते तीनशें अंश सेल्सियस उष्णतेखालीं तो कामच करीत नाहीं. नंतर इंजिन मिनिटास २,५०० फेऱ्यांवर दोनतीन मिनिटें स्थिर ठेवून स्कॅनरवर मागच्या सेन्सरची रेघ पाहावी. ती सारखी पुढच्याची नक्कल करीत असेल, तर कन्व्हर्टर दोषी. पूर्वीं पेटीच्या दोन्ही टोकांचें उष्णतामान मोजून निर्णय देत असत. परंतु आजच्या स्वच्छ जळणाऱ्या इंजिनांत तो उपाय भरंवशाचा राहिलेला नाहीं. पेटी थंड असतां रबरी हातोडीनें हलकेच ठोकून आंत खुळखुळ वाजते काय हेंहि पाहावें. वाजली तर आंतील वीट फुटली आहे.

गाडीचा दमच गेला असेल, चढावर ती वेग घेईनाशी झाली असेल, तर तो प्रकार निराळा. भोंकें बुजून धुराची वाट अडलेली असते. पुढचा सेन्सर काढून त्या जागीं दाबमापक लावला व २,५०० फेऱ्यांवर तीन पौंडांहून अधिक दाब दिसला, तर अडथळा आहे असें समजावें.

दोन उदाहरणें

आमच्या पुतण्याच्या नऊ वर्षांच्या गाडीस हा दिवा लागला तेव्हां एका गॅरेजनें नव्या कन्व्हर्टरचा पन्नास हजारांच्या घरांतला अंदाज दिला. पुतण्यानें वरील क्रमानें दुसऱ्या एका वृद्ध मेकॅनिककडून तपासणी करविली. इतर संकेतांक नव्हता; पण थंड इंजिनावर आवाज स्पष्ट ऐकूं आला आणि कन्व्हर्टरच्या पुढच्या सांध्यावर काजळी सांपडली. गॅस्केट व दोन गंजलेले बोल्ट बदलले. मागची रेघ सरळ झाली, आणि दिवा पुन्हां लागला नाहीं. खर्च शेंकड्यांत भागला.

शेजारच्या एका गृहस्थांची गोष्ट याच्या उलट. त्यांचा कन्व्हर्टर खरोखरीच मेला होता व त्यांनीं लागलीच नवा बसविला. परंतु तो कशानें मेला हें कोणीं विचारलेंच नाहीं. त्यांचें इंजिन दर हजार किलोमीटरांस जवळजवळ लिटरभर ऑइल पीत होतें. वर्ष पुरें होण्याच्या आंत नव्यासहि तीच गति प्राप्त झाली. पहिल्या उदाहरणांत निर्दोष्याची शिक्षा टळली. दुसऱ्यांत खून सिद्ध झाला, पण मारेकरी घरांतच मोकळा राहिला.

मारेकरी कोण कोण?

ठिणगी चुकणें हा यांतील सर्वांत उतावळा. न जळलेलें पेट्रोल कन्व्हर्टरमध्यें जाऊन तेथें पेटतें, उष्णता हजार अंशांच्या वर जाते, धातूंचे सूक्ष्म कण एकमेकांस चिकटून मोठे होतात व त्यांचा पृष्ठभाग घटतो. पुढें वीटच वितळते. म्हणूनच पिवळा दिवा स्थिर असेल तर गाडी चालवून घरीं नेण्यास हरकत नाहीं. परंतु तो लुकलुकूं लागला तर वेग कमी करून सुरक्षित जागीं गाडी थांबवावी. जुने स्पार्क प्लग व दुबळी इग्निशन कॉइल वेळींच बदलणें हा कन्व्हर्टरचा सर्वांत स्वस्त विमा होय. सीएनजीचा संच मागाहून बसविलेल्या गाडींत हें विशेषच सांभाळावें, कारण गॅस पेटविण्यास ठिणगी अधिक जोरकस लागते.

इंजिन ऑइल हा संथपणें मारणारा. त्यांतील फॉस्फरस व जस्त यांची राख लेपावर बसते. कूलंट गळून सिलिंडरमध्यें जात असेल तर त्यांतील सिलिकेटहि तेंच करतात. यावरून कळेल कीं ऑइलची पातळी व कूलंटची टांकी दर आठवड्यास पाहणें हें वाटतें तितकें क्षुल्लक काम नव्हे. जेथें भेसळीचा संशय आहे तेथें पेट्रोल भरूं नये, हें सांगावयास नकोच.

खोटे उपाय

बाटलींतलें औषध पेट्रोलांत ओतून कन्व्हर्टर 'धुऊन' मिळतो असें सांगणारे पुष्कळ आहेत. वितळलेली वीट किंवा राखेनें झांकलेला धातु अशा औषधानें पूर्ववत् होत नाहीं. दुसरा प्रकार मागचा सेन्सर तुकडा लावून दूर बसविण्याचा, म्हणजे साक्षीदाराचे कान बुजविण्याचा. तिसरा आणि सर्वांत निंद्य प्रकार म्हणजे पेटी फोडून वीट काढून टाकणें व रिकामी पेटी परत बसविणें. असें करणारे कित्येकदां आंतील मौल्यवान धातु आपल्या पदरांत पाडून घेतात आणि वर मालकाकडून मजुरीहि घेतात! हा कायद्यानेंहि गुन्हा होतो. मोटार वाहन कायद्याच्या १९० व्या कलमान्वयें वायुप्रदूषणाचीं मानें मोडून गाडी चालविणाऱ्यास, २०१९ च्या दुरुस्तीपासून, तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात.

नवा घालावयाचाच तर

आधीं हमीची पुस्तिका काढून वाचावी. कन्व्हर्टरची मुदत कांहीं वेळां निराळी लिहिलेली असते. अतिस्वस्त मालांत मौल्यवान धातु कमी असतो व दिवा कांहीं महिन्यांतच पुन्हां भेटावयास येतो, म्हणून गाडीच्या मानास उतरणारा मालच घ्यावा. सांध्यांचीं गॅस्केटें नवीं घालावीं. जुन्या पेटींतील धातु परत मिळविले जातात, तेव्हां तिची किंमत बिलांत वजा करून मागावी. काम झाल्यावर शहरांत व मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवून पुन्हां रेघ पाहावी, आणि ती सरळ असल्याची खात्री झाल्यावरच पैसे चुकते करावे.

मुलांबाळांच्या घरीं दोन गोष्टी सर्वांस सांगून ठेवाव्या. बंद जागेंत इंजिन कधींहि चालूं ठेवूं नये. कन्व्हर्टर थंड असतां कार्बन मोनॉक्साइड जसाच्या तसा बाहेर येतो. आणि वाळलेल्या गवतावर गाडी उभी करूं नये. पेटी इतकी तापलेली असते कीं गवत पेट घेतें.

शेवटीं एवढेंच सांगावयाचें. ब्रेक बिघडला तर भय आपणांस असतें, म्हणून आपण तो त्वरित दुरुस्त करतों. कन्व्हर्टर बिघडला तर गाडींत बसलेल्यांस कांहींच जाणवत नाहीं. त्याचा त्रास मागून सायकलवर येणाऱ्या मुलास व रस्त्याच्या कडेला भाजी विकणाऱ्या बाईस होतो. अनोळखी माणसाच्या वतीनें आपल्या गाडींत बोलणारा हा एकच दिवा आहे. त्याचें म्हणणें नीट तपासून घ्यावें, त्यावर आंधळेपणानें पैसे उधळूं नयेत, आणि काळी चिकटपट्टी लावून तो झांकूंहि नये.